गोष्टीची ताटली घरी रंगवताना: मुलांच्या भेटीसाठी कामाचा नेमका क्रम

बारसे, उष्टावण किंवा वाढदिवस यांसाठी गोष्टीतल्या चित्रांची ताटली आणि पेला स्वतः रंगवून देण्याची हौस अनेकांना असते, आणि ती हौस चांगलीच आहे. अडचण अशी की अशा भेटींपैकी बऱ्याच वस्तू चार धुण्यांत पोपडे धरतात, किंवा त्यांच्यावर जेवण वाढणेच योग्य नसल्यामुळे कपाटात जाऊन बसतात. चूक बहुधा हातातल्या कलेची नसते, क्रमाची असते. माणसे आधी चित्र ठरवतात, मग त्या चित्राला साजेसे भांडे शोधतात आणि रंग कोणता वापरावा याचा विचार दुकानात उभे राहून करतात. योग्य क्रम नेमका उलटा आहे. आधी मुलाचे वय, मग भांडे, मग भांड्यावर अन्न जिथे जिथे लागते ती जागा, मग गोष्ट आणि सगळ्यांत शेवटी चित्र.

खाली दिलेली कृती चिनीमातीची एक ताटली आणि एक पेला रंगवून तो रंग घरच्या ओव्हनमध्ये भाजून पक्का करण्याची आहे. वाळवण्याचा वेळ धरून भेटीच्या दिवसाआधी निदान दोन आठवडे काम हाती घ्यावे.

१. वय पाहून भांडे ठरवणे

तीन वर्षांच्या आतल्या मुलाला चिनीमाती किंवा काच देऊ नये, कारण या वयात ताटली जमिनीवर जाणे हा रोजच्या जेवणाचाच भाग असतो. अशा मुलासाठी स्टेनलेस स्टीलची वाटी-ताटली घ्यावी. स्टीलवर रंगकाम मुळीच करू नये. भांड्यांच्या दुकानात नाव घालून देतात, तेथेच नावाच्या शेजारी एखादे साधे रेषाचित्र, उदाहरणार्थ चिमणी किंवा भोपळा, कोरून घ्यावे. कोरीवकाम बाहेरच्या बाजूला किंवा बुडाला असावे, कारण आतल्या बाजूच्या खाचांत वरणभाताचा अंश अडकून राहतो. भांड्याचा काठ आत वळवलेला आहे ना, हे पाहण्यासाठी कापसाचा बोळा काठावरून सर्वत्र फिरवावा. कापसाचे तंतू जेथे अडकतील तेथे काठ धारदार आहे, आणि ते भांडे मुलासाठी घेऊ नये.

तीन वर्षांपुढच्या मुलासाठी चिनीमाती घेता येते. ताटली पांढरी, गुळगुळीत चकाकीची (म्हणजे वर काचेसारखा थर असलेली) आणि अन्नासाठीच बनवलेली असावी; शोभेच्या वस्तूंच्या दुकानातली किंवा जुन्या बाजारातली नको. जुन्या, विशेषतः लाल, केशरी आणि पिवळ्या रंगांच्या भांड्यांत शिसे किंवा कॅडमियम हे विषारी धातू असण्याची शक्यता असते आणि ते डोळ्यांनी ओळखता येत नाही. ताटलीला सपाट, रुंद काठ असणे ही सर्वांत महत्त्वाची अट आहे. काठ निदान तीन सेंटिमीटरचा हवा. हल्ली मिळणाऱ्या, काठाविना सरळ वर वळणाऱ्या ताटल्या दिसायला सुबक असतात, पण त्यांच्यावर चित्रासाठी सुरक्षित जागाच उरत नाही.

*इशारा:* मेलामाइन किंवा कोणत्याही प्लास्टिकची ताटली रंगवून ओव्हनमध्ये ठेवू नये. मेलामाइनचे तयार चित्रसंच आणल्यास त्यांत अन्न मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नये, उकळते सार किंवा दूध ओतू नये, आणि पृष्ठभागावर ओरखडे दिसू लागले की भांडे वापरातून काढावे.

२. वर्ज्य जागा आखणे

या टप्प्याला दहा मिनिटे लागतात आणि बहुतेक जण नेमका हाच टप्पा गाळतात. ताटलीचा खोलगट भाग पूर्णपणे वर्ज्य आहे. पेल्याची आतली बाजू वर्ज्य आहे. पेल्याच्या बाहेरच्या बाजूचा वरचा २० मिलिमीटरचा पट्टाही वर्ज्य आहे, कारण ओठ तेथे टेकतात. चिनीमातीच्या भांड्यांतून शिसे आणि कॅडमियम किती सुटते हे पाहणाऱ्या चाचण्यांमध्ये पेल्याचा हाच पट्टा वेगळा तपासला जातो. वाटीलाही तोच नियम लावावा. चमच्याच्या तोंडात जाणाऱ्या भागावर काहीही रंगवू नये.

येथे एक मोह प्रत्येकाला होतो, म्हणून त्याबद्दल विस्ताराने सांगितले पाहिजे. पंचतंत्रातला सिंह विहिरीत वाकून आपलेच प्रतिबिंब पाहतो, तो प्रसंग ताटलीच्या गोल तळावर किती शोभेल, भात संपता संपता विहीर दिसू लागेल, ही कल्पना खरोखरच सुंदर आहे. परंतु घरच्या ओव्हनमध्ये पक्क्या होणाऱ्या रंगांनी ती साधता येत नाही. हे रंग चकाकीच्या वर बसतात, चमचा त्यांच्यावर घासतो, आणि आमटीतली चिंच किंवा कोकम त्यांच्याशी रोज संपर्कात येते. तळावरच चित्र हवे असेल तर मार्ग एकच आहे: कुंभारकामाच्या स्टुडिओत जाऊन एकदा भाजलेल्या पण चकाकी न दिलेल्या ताटलीवर अंडरग्लेझ, म्हणजे चकाकीखाली बसणाऱ्या, रंगांनी चित्र काढावे, त्यावर अन्नासाठी योग्य अशी पारदर्शक चकाकी लावून घ्यावी आणि भट्टीत पुन्हा भाजून घ्यावी. तेव्हा चित्र काचेसारख्या थराखाली जाते. स्टुडिओ जवळ नसेल तर विहीर काठावर आणावी. सिंह तेथेही वाकू शकतो.

*तपासणी:* खोलगट भाग जेथे सुरू होतो तेथे कंपासने कागदावर रेषा आखून पाहावी. त्या रेषेपासून बाहेर निदान अर्धा सेंटिमीटर मोकळा राहिला पाहिजे, कारण कालवताना अन्न काठाकडे सरकतेच.

३. जागेला साजेशी गोष्ट निवडणे

गोल काठाला एकामागून एक भेटी होत जाणारी गोष्ट शोभते. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट यासाठी मला सर्वांत योग्य वाटते, कारण ती घरातून निघते, वाटेत वाघ आणि कोल्हा भेटतात, लेकीकडे तूपरोटी होते आणि शेवटी ती पुन्हा घरीच येते. ताटलीचे वर्तुळ आणि गोष्टीचे वर्तुळ एकमेकांवर बरोबर बसतात. चिऊ-काऊच्या गोष्टीत दोन घरे समोरासमोर हवीत, म्हणून ती काठाच्या दोन विरुद्ध टोकांना मांडावी आणि मधल्या भागात फक्त पाऊस दाखवावा.

पेल्याला दोन बाजू असतात, तेव्हा त्यासाठी दोघांची गोष्ट घ्यावी. माकड आणि मगर यांच्या गोष्टीत पेल्याच्या कानाजवळ (धरायच्या मुठीजवळ) जांभळाचे झाड, एका बाजूला फांदीवरचे माकड आणि दुसऱ्या बाजूला पाण्यातली मगर अशी रचना करता येते. पेल्याचा कान मात्र रंगवू नये. तो सतत हाताळला जातो आणि रंग सर्वांत आधी तेथून उडतो.

पुस्तकातले चित्र जसेच्या तसे उतरवण्याबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गोष्ट जुनी असली तरी तिचे चित्र अलीकडचे असू शकते, आणि भारतात चित्रकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. इंग्लिश बालकथाकार आणि चित्रकार बिॲट्रिक्स पॉटर १९४३ मध्ये वारल्या, त्यामुळे त्यांनी स्वतः काढलेली सशाची चित्रे २००४ पासून येथे त्या हक्कातून मोकळी आहेत. तरीही त्या पात्रांची नावे आणि रूपे व्यापारात ट्रेडमार्क म्हणून वापरली जातात. ताटल्या विकण्याचा विचार असेल तर चित्र आपलेच काढावे. मुलालाही आपल्या हातचा वाकडा वाघ जास्त आवडतो, असा माझा ठाम समज आहे.

४. कागदी कडे तयार करणे

चित्र थेट ताटलीवर काढू नये. ताटली कागदावर पालथी ठेवून बाहेरचे वर्तुळ आखावे, काठाची रुंदी मोजून आतले वर्तुळ आखावे आणि मधला भाग कापून कागदाचे कडे बनवावे. २२ सेंटिमीटर व्यासाच्या आणि तीन सेंटिमीटर काठाच्या ताटलीत काठाच्या मध्यावरून मोजलेला घेर सुमारे ६० सेंटिमीटर भरतो. कड्याला तीन वेळा घडी घातली की आठ भाग पडतात आणि प्रत्येक भागाला साडेसात सेंटिमीटर लांबी मिळते. प्रसंग आठ असले तरी चालतील, पण सहा प्रसंग आणि दोन मोकळे भाग ठेवले तर चित्राला श्वास घेता येतो. मोकळ्या भागात झाड, वाट किंवा एखादा दगड पुरेसा आहे.

आता दिशेचा प्रश्न. पात्रांचे पाय ताटलीच्या मध्याकडे आणि डोकी बाहेर ठेवावीत. मूल जेवायला बसले की त्याच्या समोरच्या, म्हणजे दूरच्या काठावरची चित्रे त्याला सुलटी दिसतात, आणि जवळचा काठ तसाही हाताखाली झाकला जातो. पाय मध्याकडे ठेवले की समोरच्या काठावर डावीकडून उजवीकडे जाणारा क्रम घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जातो. म्हणून गोष्टही त्याच दिशेने पुढे सरकली पाहिजे. पुष्कळ ताटल्यांवर म्हातारी उलट दिशेने चालते आणि मूल ताटली फिरवत गोष्ट सांगू लागले की ती शेवटाकडून सुरू होते.

मुलाचे नाव किंवा गोष्टीतला एखादा शब्द काठावर लिहायचा असेल तर आधी शिरोरेषा कमानीसारखी आखावी आणि मग अक्षरे तिच्याखाली लिहावीत. शिरोरेषा बाहेरच्या अंगाला येते, त्यामुळे अक्षरांचे खालचे भाग एकमेकांजवळ येतात. दोन अक्षरांमधले अंतर सरळ ओळीतल्यापेक्षा थोडे जास्त ठेवावे. उकार आणि ऋकार यांच्यासाठी खाली जागा राखून ठेवावी, नाहीतर ते वर्ज्य रेषेत उतरतात.

*तपासणी:* कागदी कडे ताटलीवर ठेवून ताटली मुलाच्या जागी, त्याच्या उंचीवरून पाहावी. जे चित्र दोन हातांवरून ओळखता येत नाही ते लहान आहे. तपशील कमी करून आकार वाढवावा.

५. रंग निवडणे

दुकानात तीन प्रकारचे रंग मिळतात आणि त्यांची गल्लत हेच बहुतेक फसलेल्या ताटल्यांचे कारण असते. साधे ॲक्रिलिक रंग चिनीमातीवर बसल्यासारखे दिसतात, पण ओल्या स्पंजाने सुटतात. दुसरा प्रकार घरच्या ओव्हनमध्ये पक्का होणाऱ्या चिनीमातीच्या रंगांचा. आपल्याला हेच हवेत. तिसरा प्रकार भट्टीतल्या फार मोठ्या उष्णतेवर भाजण्याचा असतो आणि तो घरी वापरता येत नाही. कायम टिकणाऱ्या मार्कर पेनने चित्र काढून ताटली ओव्हनमध्ये ठेवण्याची युक्ती इंटरनेटवर फिरत असते. तिने काढलेले चित्र धुण्यात फिके होत जाते, आणि ती शाई जेवणाच्या भांड्यांसाठी बनवलेलीही नसते.

*इशारा:* बाटलीवर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिले आहे म्हणजे त्या रंगावर अन्न वाढता येते असा अर्थ होत नाही. ती सूचना रंग वापरणाऱ्यासाठी असते. म्हणून रंग कितीही चांगला असला तरी दुसऱ्या टप्प्यातील वर्ज्य जागा बदलत नाहीत.

सोनेरी-रुपेरी रंग टाळावेत. त्यांच्यात धातूचा अंश असेल तर भांडे मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही, आणि घरातले सगळेच ते लक्षात ठेवतील याची खात्री नसते.

६. ताटली स्वच्छ करणे

नवी ताटलीही तेलकट असते. ती साबणाच्या कोमट पाण्याने धुवून पूर्ण वाळवावी आणि मग कापसावर सर्जिकल स्पिरिट घेऊन काठ पुसावा. नेलपॉलिश काढण्याचे द्रव वापरू नये; त्यांपैकी अनेकांत तेल किंवा सुगंधी द्रव्ये असतात आणि ती पृष्ठभागावर थर सोडतात. पुसल्यानंतर ताटली खालून धरावी, काठाला बोट लावू नये. रंग एका जागी गोळा होऊन मागे सरकताना दिसला, तर तेथे बोटाचे तेल आहे असे समजावे आणि तो भाग पुन्हा पुसावा.

७. चित्र उतरवणे आणि रंगवणे

कागदी कड्याच्या मागे कार्बन कागद ठेवून ते चिकटपट्टीने दोन-तीन ठिकाणी पक्के करावे आणि बोथट टोकाने गिरवावे. रेषा फिकट उमटली तरी चालते. काचेवर लिहायची मेणाची पेन्सिल वापरू नये, कारण मेणावर रंग धरत नाही. कार्बनची रेषा दीडशे अंशांच्या उष्णतेत जळून जाईल असे गृहीत धरू नये. जी रेषा रंगाखाली झाकली जात नाही ती रंग वाळल्यावर ओल्या कापसाच्या काडीने पुसावी.

रंगवताना फिकट आणि मोठे भाग आधी घ्यावेत, बाह्यरेषा शेवटी. प्रत्येक थर पातळ असावा आणि वरचा थर देण्यापूर्वी खालचा हाताला कोरडा लागला पाहिजे. गडद रंग एकाच जाड थरात मिळवण्याचा प्रयत्न केला की भाजताना तेथे फोड येतात. रंगात पाणी जपून घालावे, कारण फार पातळ झालेला रंग चकाकीला नीट धरत नाही. बाह्यरेषेबाहेर गेलेला रंग टूथपिकच्या टोकाने खरवडून काढता येतो. ही सोय फक्त भाजण्यापूर्वीची आहे, तेव्हा या टप्प्यावर घाई करू नये.

बुडाखाली मुलाचे नाव, तारीख आणि देणाऱ्याचे नाव लिहावे. मावशीने की आजोबांनी दिले, हे वीस वर्षांनी कोणीतरी विचारतेच.

*तपासणी:* ताटली खिडकीजवळ आडवी धरून खोलगट भागावर एकही ठिपका उडालेला नाही हे पाहावे. असल्यास आताच पुसावा.

८. वाळवणे आणि भाजणे

रंगाच्या बाटलीवरचा वेळ आणि तापमान हाच अंतिम नियम मानावा. उदाहरण म्हणून, फ्रान्सच्या ‘पेबेओ’ कंपनीच्या ‘पोर्सलेन १५०’ रंगांना २४ तास वाळवून १५० अंश सेल्सिअसवर ३५ मिनिटे भाजावे लागते. दुसऱ्या रंगांचे आकडे वेगळे असतात, आणि एकाच ताटलीवर दोन कंपन्यांचे रंग वापरले तर त्यांचे तापमान जुळत नाही.

मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात पावसाळ्यात काम करत असाल तर २४ तासांवर विसंबू नये. हवेतल्या दमटपणामुळे वरचा थर कोरडा लागतो पण आत ओलावा राहतो, आणि भाजताना तोच वाफ होऊन फोड आणतो. दोन दिवस द्यावेत, पंख्याखाली ठेवावे आणि वर धूळ बसू नये म्हणून मोठे पातेले तिरके टेकवून झाकावे.

भाजण्याचा क्रम असा आहे:

१. ताटली थंड ओव्हनमध्ये, मधल्या जाळीवर ठेवावी. गरम ओव्हनमध्ये थंड ताटली ठेवली तर तिला तडा जाऊ शकतो.

२. ओटीजी (भाजणे, टोस्ट आणि ग्रिल एकत्र असलेला विजेचा छोटा ओव्हन) असेल तर वरची-खालची दोन्ही कॉइल चालू ठेवाव्यात, पण ताटली वरच्या कॉइलच्या जवळ नसावी. मायक्रोवेव्हला कन्व्हेक्शनची, म्हणजे गरम हवेने भाजण्याची, सोय असेल तर केवळ कन्व्हेक्शनवर भाजावे, मायक्रोवेव्ह लहरींवर कधीही नाही.

३. ओव्हन ठरलेल्या तापमानाला पोहोचल्यावर वेळ मोजायला सुरुवात करावी. बटण फिरवल्यापासून मोजल्यास ताटली अर्धकच्ची राहते, आणि रंग न टिकण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे.

४. वेळ संपला की ओव्हन बंद करावा, दार उघडू नये आणि ताटली आतच पूर्ण थंड होऊ द्यावी.

घरच्या लहान ओव्हनचा आकडा आणि आतले खरे तापमान यांत फरक असतो. ओव्हनमध्ये ठेवायचा वेगळा तापमापक मिळतो; तो एकदा आणला की पुढच्या सगळ्या कामांना उपयोगी पडतो. भाजताना स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवावी आणि त्याच वेळी ओव्हनमध्ये खाण्याचे काहीही ठेवू नये.

*इशारा:* पांढरा रंग पिवळट आणि लाल रंग तपकिरी झाला, तर तापमान जास्त होते. ते दुरुस्त होत नाही. म्हणून खरी ताटली भाजण्यापूर्वी एखाद्या जुन्या बशीवर सर्व रंगांचे ठिपके देऊन ती भाजून पाहावी.

९. भेट देण्याआधीची परीक्षा

ताटली थंड झाल्यावर बुडाखालच्या नावावर नखाने घासावे. रंग सुटला तर ताटली पुन्हा थंड ओव्हनमध्ये ठेवून पूर्ण वेळ भाजावी. त्यानंतर ओल्या पांढऱ्या फडक्याने प्रत्येक चित्र चोळावे. फडक्यावर रंग उतरता कामा नये. शेवटी ताटली साबणाच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवावी, वाळवावी आणि उजेडात तिरकी धरून कोठे कडा उचललेली दिसते का ते पाहावे. कडा उचललेली असेल तर ती वस्तू शोभेसाठीच ठेवावी. मुलाच्या जेवणासाठी देऊ नये, मग तिच्यावर कितीही कष्ट गेलेले असोत.

१०. बांधणे आणि सोबतची चिठ्ठी

ताटली वर्तमानपत्रात थेट गुंडाळू नये, शाई चकाकीवर उतरते; आधी पातळ कोरा कागद किंवा जुने सुती कापड, मग बाहेरचे आवरण. खोक्यात ताटली आडवी न ठेवता काठावर उभी ठेवावी आणि पेल्याच्या आत कागदाचे बोळे भरावेत. परदेशातल्या नातेवाइकांकडे पाठवायची असेल तर खोक्यात खोके ठेवून मधली जागा चारही बाजूंनी भरावी. हलवून पाहिल्यावर आतून आवाज आला तर पुन्हा बांधावे.

सोबत गोष्ट द्यावी. पुस्तक मिळाले तर पुस्तक, नाहीतर आपल्या हाताने दोन पानांवर लिहिलेली गोष्ट. मुलाला काठावरची म्हातारी ओळखीची वाटली तरच ती ताटली त्याची होते, आणि आजकाल अनेक घरांत ही गोष्ट सांगणारे माणूस रोज जवळ असतेच असे नाही.

दुसरी चिठ्ठी पालकांसाठी असावी, आणि तिच्यात पुढील मजकूर स्पष्ट लिहावा: ताटली हाताने, मऊ स्पंजाने धुवावी, तारेची घासणी, काथ्या, राख किंवा भांडी घासायची पूड वापरू नये, पाण्यात रात्रभर बुडवून ठेवू नये, जेवण खोलगट भागातच वाढावे आणि चटणी-लोणचे काठावर ठेवू नये, त्यासाठी वाटी द्यावी, काठाचा टवका उडाला किंवा चित्राचा पोपडा सुटू लागला, तर त्याच दिवशी ताटली जेवणातून काढावी. भांडी घासायला घरी दुसरे कोणी येत असेल तर ही चिठ्ठी त्यांनाही वाचून दाखवावी, कारण ताटली रोज त्यांच्याच हातात जाते.